आधी नंबर सांगा

बिघडलेली वस्तू घेऊन कोणी आबांकडे गेलं, की आबा वस्तूकडे बघत नसत. घेऊन आलेल्या माणसाकडे बघत. डोळे बारीक करून, चपलांपासून टोपीपर्यंत. मग विचारत, "ह्याला आदी हात कुनी लावलावता?"

"कुणीच नाही, आबा. आपोआप बंद पडलं."

'आपोआप' हा शब्द आबांना चालत नसे. त्यांच्या हिशेबानं जगात आपोआप दोनच गोष्टी येतात, पाऊस आणि म्हातारपण. बाकी सगळ्याला कोणीतरी जबाबदार असतो आणि तो बहुतेक वेळा समोरच उभा असतो. शेजारच्या सुनेचा मिक्सर असो, देवळातला लाउडस्पीकर असो की सरपंचांची राजदूत मोटारसायकल, आबांच्या ओट्यावर वस्तू फिर्यादी असे आणि तिला घेऊन येणारा आरोपी. निकाल ठरलेला असे. उत्सुकता फक्त कलम कुठलं लागतंय त्याची.

हा स्वभाव नोकरीनं दिला की स्वभाव बघून नोकरी दिली, हे सांगणं अवघड आहे. आबा जिल्हा पोलीस मुख्यालयात आर्मोरर होते. जिल्ह्याचं नाव सांगत नाही. त्यातून कृष्णा वाहते एवढं पुरे. पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करायच्या, मोजून द्यायच्या, परत आल्या की पुन्हा मोजायच्या, हे काम त्यांनी तेहतीस वर्षं केलं. शस्त्रागारात हत्यारं पुष्कळ प्रकारची होती, पण आबांचा जीव एकीवरच. थ्री नॉट थ्री. नव्यानं आलेल्या एका फौजदारानं तिला एकदा 'जुनं धूड' म्हटलं, तर आबांनी त्याच्या पिस्तुलाचं तेलपाणी महिनाभर लांबवलं म्हणतात. मी विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही.

आमची गाठ पडली १९८३ साली. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि त्या वर्षी होमगार्डमध्ये भरती झालो. त्यात देशसेवा होती, बंदोबस्ताचा भत्ता होता, आणि 'शाळेतून एक तरी नाव द्या' म्हटल्यावर हेडमास्तरांनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं होतं, तेही होतं. वर्षभर गणपतीत, उरुसात, मतदानाला आम्ही काठी घेऊन उभे राहायचो. बंदूक हातात यायची ती वर्षातून एकदा, चांदमारीला.

डोंगराच्या पायथ्याशी पोटावर पालथा पडून मी आयुष्यातली पहिली गोळी झाडली. ती कुठं गेली ते त्या डोंगराला माहीत. दुसरीसाठी बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला आणि तो अर्ध्यात अडकला. मागे येईना, पुढे जाईना. शिकवल्याप्रमाणे मी हात वर केला. खाकी पिशवी खांद्याला लावलेला एक बुटका माणूस सावकाश चालत आला, माझ्या डोक्याशी उकिडवा बसला आणि म्हणाला,

"नंबर सांगा."

मी माझा होमगार्डचा नंबर सांगितला.

"तुमचा कुनी इचारलाय? रायफलीचा."

तो मला पाठ नव्हता.

"लगीन झालंय?"

"हो."

"बायकूचं नाव ठावं हाय?"

ओळीत पालथे पडलेले बाकीचे नऊ होमगार्ड पडल्या पडल्या हसले. चांदमारीवर परवानगीशिवाय उठता येत नाही, नाहीतर मी उठून घरी गेलो असतो. आबांनी नळी समोर आहे ना ते बघितलं, मॅगझिन काढलं, आत डोकावले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पोटदुखीचं कारण काल रात्रीचं मटण आहे हे कळल्यावर डॉक्टरच्या चेहऱ्यावर पसरतं, तसं.

थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेला कंगोरा असतो. मॅगझिनमध्ये एकावर एक काडतुसं भरताना वरच्याचा कंगोरा खालच्याच्या कंगोऱ्यापुढे बसावा लागतो. मागे राहिला तर वरचं काडतूस पुढे निघताना खालच्यालाही ओढत नेतं आणि दोघंही अडकतात. मी नेमकं तेच केलं होतं.

"यष्टीच्या दारात दोघं एकदम घुसल्यावर काय हुतं?"

"अडकतात."

"मग कंडक्टर काय म्हनतो? दार बिगाडलं म्हनतो?"

मी पालथ्या अवस्थेत मान हलवली. आबांनी पिशवीतून एक वही काढली, चार रकाने भरले आणि मला वाचून दाखवले. तारीख. नंबर. तक्रार: बोल्ट अडकला. कारण: मास्तर.

ही वही मी पुढे बऱ्याचदा चाळली. सरकारी नोंदवही निराळी होती, तीत सगळं सरकारी भाषेत असे. ही आबांची खासगी, शाळेतल्या पोरांची असते तशी दोनशे पानी. तक्रारीच्या रकान्यात सगळीकडे बोल्ट, बोल्ट, बोल्ट. कारणाच्या रकान्यात बोल्ट एकदाही नाही. तिथे 'शिपाई नवा', 'हवालदाराला घाई', 'तेल नको तितं', 'ऊन (गाडीत झाकून ठेवली न्हाई)' अशा नोंदी. एका ठिकाणी नुसतं 'साहेब' लिहिलं होतं, पुढे काही नाही.

बोल्ट म्हणजे थोडक्यात लोखंडी दांडा, वीतभराचा. मूठ वर करून मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलला की नवं काडतूस आत जातं, मूठ खाली दाबली की दार बंद. त्याचं डोकं वेगळं असतं, आट्यांवर फिरवून बसवलेलं, आणि त्या डोक्याला पुंगळी धरणारी आकडी. पोटात लांब पिन, पिनेभोवती स्प्रिंग, शेपटाला कॉकिंग पीस. साफ करायला बोल्ट बाहेर काढायचा तर तो पूर्ण मागे घ्यायचा आणि मग बोटानं त्याचं डोकं वर उचलायचं. डोकं सुटताना 'कट्' असा आवाज होतो. तो झाला की बोल्ट हातात. नुसता ओढून तो जन्मात निघत नाही, हे पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आबा पाठमोरे बसून तो 'कट्' ऐकत आणि कुठल्या नंबरची रायफल उघडली ते सांगत. मला ही बढाई वाटायची. एकदा मी गुपचूप सात रायफली आलटून पालटून उघडल्या. आबांनी पाच ओळखल्या. सहावीला म्हणाले, "हिची स्प्रिंग सैल पडलीया," आणि ती खरोखरच सैल होती. सातवीला गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुमी डोकं उचलताना नख लावताय. आवाज बदलतोय त्यानं." म्हणजे तीही चूक माझीच.

तक्रारींचे प्रकार ठरलेले असत. साफसफाई झाल्यावर बोल्ट परत आत जात नाही, ही सगळ्यात मोठी. शिपायानं हातात बोल्ट खेळवलेला असतो. त्यात कॉकिंग पीस आपल्या खाचेतून घसरून भलत्या खाचेत बसतो आणि मग बोल्ट रायफलीला ओळखच देत नाही. शिपाई जोर करतो, दुसऱ्याला बोलावतो, दोघं मिळून जोर करतात. आबा यायचे, बोल्ट काढून घ्यायचे, शेपूट एक पीळ फिरवायचे आणि करंगळीनं आत सरकवायचे. करंगळी मुद्दाम. दुसरी तक्रार पुंगळी बाहेर न उडण्याची. रायफलीच्या डाव्या भिंतीत एक बारका स्क्रू असतो, मागे येणारी पुंगळी त्याला आपटते आणि उडते. तो झिजला की पुंगळी उडायची सोडून आतच लोळते. असे दोन-तीन स्क्रू आबांच्या चुन्याच्या डबीत कायम असत, त्यामुळे कधी कधी स्क्रूला चुना आणि पानाला गंज लागे. इथे तरी दोष रायफलीचा म्हणावा लागेल, अशा आशेनं मी वही उघडली. नोंद होती: 'चाळीस वर्सं कुनी बगितला न्हाई.'

तेलाबद्दल ते कडक होते. दाट ग्रीस पोटात साचलं की थंडीत पिन आळसावते, काडतुसाच्या बुडावर नुसती टिचकी मारते आणि बार उडत नाही. नव्या शिपायांना वाटे, जास्त तेल म्हणजे जास्त माया. आबा त्यांना सांगत, "तेल तर्रीवानी नगं. अत्तरावानी."

चांदमारी संपल्यावर नळ्या धुवायच्या त्या उकळत्या पाण्यानं, हा त्यांचा दुसरा हट्ट. त्यात शास्त्र होतं. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या दारूचा क्षार नळीत राहतो, तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि दोन दिवसांत नळीला आतून गंज चढतो. तेलात क्षार विरघळत नाही; पाण्यात विरघळतो. मला हे पटलं, मीठ दमट हवेत का पाझरतं हे मी सातवीला शिकवतच होतो. पटलं नाही ते पाहुण्यांना. एका वर्षी बक्षीस समारंभाला आलेले साहेब चहाची वाट बघत बसले होते आणि आचाऱ्यानं उकळलेल्या पाण्याची किटली आबांनी बारा रायफलींच्या नळ्यांत पालथी केली. साहेबांनी विचारलं, "चहाचं काय झालं?" आबांनी टाचा जुळवल्या. "सर, अजून आठ राहिल्यात."

थ्री नॉट थ्री म्हणजे ली-एनफिल्ड रायफल. तिचा इतिहास आबांना आपल्या घराण्याच्या इतिहासापेक्षा जास्त माहीत होता, फक्त थोडा त्यांच्या पद्धतीनं. "ली साहेबांनी बोल्ट केला, एनफिल्ड साहेबांनी नळी केली," असं ते नव्या तुकडीला सांगत. मी भूगोलाचा मास्तर. मला राहवेना. एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, की ली खरेच होते, जेम्स पॅरिस ली, जन्मले स्कॉटलंडात, वाढले कॅनडात. पण एनफिल्ड हा माणूस नाही, लंडनच्या उत्तरेचं गाव आहे, तिथे बंदुकांचा सरकारी कारखाना होता. आबा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी म्हणाले, "गाव आसंल. पर नळी त्येनंच केली ना?" आणि ते खरं होतं. नळीच्या आतले आटे त्या कारखान्यातच ठरले होते. तेव्हापासून ते 'एनफिल्डगावकर' म्हणू लागले.

जर्मनांच्या माउझर रायफलीबद्दल त्यांना मनापासून कीव वाटे. तिचा बोल्ट उघडायला मूठ नव्वद अंश फिरवावी लागते, लीसाहेबांच्या बोल्टला साठ पुरतात. तीस अंश वाचतात, शिवाय मॅगझिनमध्ये पाचाऐवजी दहा काडतुसं. इंग्रजांचे शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढायला शिकलेले असत, आणि ऑगस्ट १९१४मध्ये बेल्जियममधल्या मॉन्सला समोरच्या जर्मनांना ह्या मशीनगनच आहेत असं वाटलं, ही गोष्ट आबा दर वर्षी सांगत. सांगताना जर्मनांचा चेहरा करून दाखवत. आबांनी एकही जर्मन बघितलेला नव्हता. तो चेहरा आमच्या तालुक्याच्या तहसीलदारांचा होता.

काडतुसांवर 'के एफ' अशी अक्षरं ठोकलेली असत. म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. "पुन्याची वस्तू हाय," आबा म्हणत, "पर कदी उलट बोलली न्हाई."

आता घरजावयाची गोष्ट.

एका उन्हाळ्यात उत्साही नवा शिपाई आला. आबा जेवायला गेले असताना त्यानं बारा रायफलींचे बारा बोल्ट काढले आणि एका घमेल्यात रॉकेल ओतून सगळे एकत्र भिजत घातले. आबा आले. घमेलं बघितलं. काही न बोलता खाली बसले. मी त्या वेळी तिथे होतो. त्यांच्या घरात काही वाईट झालं का, असं विचारणार होतो.

ह्या रायफलींत बोल्ट ज्याचा त्याला असतो. प्रत्येक बोल्टच्या मुठीमागे नंबर ठोकलेला असतो आणि तोच रायफलीच्या अंगावर. कारखान्यात त्या दोघांचे कान एकमेकांशी घासून बसवलेले असतात. अदलाबदल झाली की बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड ह्यांतली जागा कमीजास्त होते. ती मोजायला दोन लोखंडी चकत्या असतात, एक इंचाच्या हजार भागांपैकी ६४ भागांची आणि एक ७४ भागांची. पहिलीवर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसरीवर होता कामा नये. मधलं अंतर पाव मिलिमीटरचं. "ह्या पाव मिलिमीटरात शिपायाचा डोळा हाय," आबा म्हणाले आणि चटईवर बारा रायफली मांडून त्यांच्या पत्रिका जुळवायला बसले.

अकरा जुळल्या. बाराव्या रायफलीजवळ बारावा बोल्ट उरला आणि दोघांचे नंबर वेगळे निघाले. शिपायाच्या जिवात जीव आला, कारण हा घोळ त्याचा नव्हता. फार जुना होता. रायफलीवर मुकुट, ईशापूरचा ठसा आणि साल १९१८. बोल्टचा नंबर शस्त्रागारातल्या कुठल्याच रायफलीशी जुळेना. आबांनी चकत्या लावल्या. ६४वर बंद, ७४वर नाही. एकदम चोख.

राखीव निरीक्षक म्हणाले, "चालतंय की मग."

"चालतंय सर," आबा म्हणाले. "नांदत न्हाई."

त्या दिवसापासून त्या बोल्टचं नाव घरजावई पडलं, आणि मूळचा बोल्ट गेला कुठं, हा प्रश्न आबांच्या डोक्यात जाऊन बसला. जुनी दप्तरं काढली, त्यात वाळवी निघाली. निवृत्त झालेल्या आर्मोररच्या घरी गेले, त्यांना ऐकू येत नव्हतं. वहीत त्या नंबरपुढे कारणाचा रकाना कोरा. कोरा रकाना मी त्या वहीत एवढा एकच बघितला.

१९९२ साली चलेजाव चळवळीला पन्नास वर्षं झाली म्हणून ऑगस्टमध्ये तालुक्यात स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार होता. बंदोबस्ताला मी होतो आणि आबा उगाच आले होते. भाऊ बोलायला उठले. भाऊ म्हणजे आमच्या भागातले प्रतिसरकारचे कार्यकर्ते, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या सभांना सायकलवरून निरोप पोचवणारे. ते एक गोष्ट नेहमी सांगत, आम्हाला ती पाठ होती. पावसाळ्याची रात्र, गावच्या चावडीत पोलिसांचा मुक्काम, पहाऱ्यावरचा शिपाई झोपलेला. भाऊ रायफल पळवायला गेले, पण ती साखळीनं खांबाला बांधलेली. मग त्यांनी तिचा बोल्ट काढला आणि कृष्णेच्या डोहात फेकून दिला. टाळ्या.

टाळ्या संपल्या आणि मागच्या रांगेतून आबा उभे राहिले.

"भाऊ, एक शंका हाय. बोल्ट काडला कसा?"

"कसा म्हणजे? ओढला."

"वडून निगत न्हाई त्यो."

सभागृह थंड झालं. पोलिसातला माणूस भर सत्कारात स्वातंत्र्यसैनिकाला खोटं पाडतोय, असा त्याचा अर्थ झाला. संयोजक आबांचा सदरा खाली ओढू लागले, मी टोपी काढून घाम पुसला. भाऊ मात्र रागावले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, शाल खांद्यावरून बाजूला केली आणि उजवा हात हवेत धरला. मूठ वर केली. मागे ओढली. मग तर्जनी हळूच वर उचलली.

"हितं... हितं कायतरी वर उचललं," ते म्हणाले. "तवा 'कट्' झालं. एवढा मोठा आवाज, मला वाटलं शिपाई उठला."

आबा खाली बसले. "खरं हाय," एवढंच म्हणाले. अख्खी चळवळ प्रमाणित करून शिक्का मारल्यासारखं. त्यांचे डोळे भरले होते. बाहेर आल्यावर मी त्यांना समजावलं, की जिल्ह्यात शेकड्यानं रायफली होत्या, भाऊंनी उघडली ती हीच कशावरून?

"मास्तर," आबा म्हणाले, "तुमी भूगोलाचं. हे इतिहासाचं हाय."

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर त्यांनी दोन भाचे घेतले, देवळाच्या जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक दोरीला बांधलं आणि तीन रविवार तो डोह चाळला. बैलाच्या पायाचे दोन नाल, एक विळा आणि सायकलची चेन मिळाली. चेन भाऊंना दाखवली. त्यांनी ती आपलीच आहे म्हणून ठेवून घेतली. वहीतला रकाना मात्र भरला गेला. कारण: साखळी खटक्याच्या कडीतनं घातली, बोल्टातनं घातली न्हाई.

भाऊ १९९६च्या हिवाळ्यात गेले. शासकीय इतमाम, तिरंगा, हवेत तीन फैरी. दहा शिपायांना रायफली आबांनी स्वतः निवडून दिल्या आणि त्यात १९१८ची ती होती. तिच्यावरचा मुकुट मी त्यांना खूण करून दाखवला. आबा हळूच म्हणाले, "मुकुट ऱ्हाऊ द्या. बोल्ट तर भाऊंनीच काडलावता."

सलामीच्या काडतुसाला पुढे गोळी नसते, त्यामुळे मॅगझिनमधून ते नीट वर सरकत नाही. एकेक हातानं आत घाला, असं आबांनी दहाही जणांना दोनदा बजावलं होतं. पहिली फैर झाली. गर्दीला काही कळलं नाही.

"डावीकडनं तिसरा," माझ्या कानाशी आबा पुटपुटले. "मॅगझिन भरलं भाड्यानं."

घरजावई मात्र तिन्ही वेळा वाजला. नंतर लोक चितेला नमस्कार करत असताना आबा वाळूत वाकून पुंगळ्या वेचत होते, कारण त्या मोजून परत द्याव्या लागतात. एकोणतीस पाहिजे होत्या, अठ्ठावीस भरल्या. दोन म्हाताऱ्या आबांच्या शेजारी बसून वाळू चाळू लागल्या. त्यांना वाटलं अस्थी लवकर वेचतायत. एकोणतिसावी भाऊंच्या नातवाच्या खिशात निघाली. सरकारी मालमत्ता म्हणून ती आबांनी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन डोहातला एक नाल देऊन आले.

१९९८ला आबा निवृत्त झाले. थ्री नॉट थ्री हळूहळू मागे पडत गेल्या, स्वतःच बोल्ट मागे घेणाऱ्या रायफली आल्या. "आपोआप" हा शब्द तिथेही आलाच, आबा त्या रायफलींबद्दल बोलत नसत.

नोव्हेंबर २००८मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो होतो. टीव्हीवर सगळं पुन्हा पुन्हा चाललं होतं. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होत्या, समोर एके-४७. आबा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवर नकळत हलत होता, मूठ वर, मागे, पुढे, खाली. मग टीव्ही बंद करून म्हणाले, "ह्यात शिपायाची चूक न्हाई, मास्तर." वही त्यांनी त्या दिवशी काढली नाही.

तीन-चार वर्षं दुखत असलेला त्यांचा उजवा गुडघा पुढे बदलावाच लागला. डॉक्टर म्हणाले, वयानं झिजलाय, आपोआप. आबांनी त्यांना चपलांपासून वरपर्यंत न्याहाळलं. "वयानं न्हाई," ते म्हणाले. "तेहतीस वर्सं चांदमारीला उकिडवा बसलोय. वयानं झिजला आस्ता तर डावा बी झिजला आस्ता, त्येचं बी वय तेवढंच हाय." डॉक्टरांकडे ह्याला उत्तर नव्हतं. ऑपरेशनला जाताना आबांनी नव्या गुडघ्याचा नंबर मागितला. आणि तो असतो. पेटीवरच्या चिकटपट्ट्या केसपेपरात लावतात, त्यातली एक नर्सनं त्यांना दिली.

महिन्याभरानं मी भेटायला गेलो. आबा अंगणात खुर्चीवर, पाय पुढे लांब केलेला, मांडीवर वही. तारीख. नंबराच्या जागी ती चिकटपट्टी. तक्रार: वाकत न्हाई. कारण: स्वतः.

"बसलाय का नीट?" मी विचारलं.

"६४ला बंद हुतोय," आबा म्हणाले. "पर नंबर जुळत न्हाई, मास्तर. डावा मूळचा, उजवा घरजावई."

आतून चहाला हाक आली. मी माझी खुर्ची मागे सारून उठलो आणि आबांना हात दिला. त्यांनी तो घेतला नाही. दोन्ही हातांवर जोर देऊन ते सावकाश उभे राहू लागले. अर्ध्यावर आले, आणि आवाज झाला.

कट्.

आबा तिथल्या तिथे थांबले. कान टवकारला. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक करून, चपलांपासून वर.

"मास्तर," ते म्हणाले, "खुर्ची तुमी सरकवलीवती का?"